कुठला नेम

"चल, बंदूक घ्यायला जायचंय," असं चंद्रशेखर म्हणाला तेव्हा प्रतिमा देव पुसून जागेवर ठेवत होती. श्रावणातला शनिवार. हातातला बाळकृष्ण तिने परत ताम्हनात ठेवला.

"मी कशाला हो?"

"तुझ्याशिवाय गेलो तर नुसती बघून परत येईन. तू असलीस म्हणजे घेऊन येईन."

घरात एक बंदूक होतीच. हलकी, टू-सेव्हंटी नावाच्या काडतुसाची. मागच्या ऑक्टोबरात वायोमिंगहून परत आल्यावर ती तळघरातल्या कपाटात गेली, ती तिथेच होती. तिला कोणी हात लावला नव्हता. कपाटाला कुलूप होतं, आणि त्याची किल्ली आपल्या जपमाळेच्या डबीत कधी येऊन पडली हे प्रतिमाला कळलंही नव्हतं. विचारावं असंही तिला वाटलं नाही.

मागच्या वर्षीची हकीकत अशी. चंद्रशेखर आणि त्याचा मित्र हेमचंद्र एल्कच्या शिकारीला गेले होते. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊच. घोड्याएवढं धूड आणि डोक्यावर वाळक्या झाडासारखी शिंगं. दिवस मावळायला थोडाच वेळ राहिला असताना दरीपलीकडच्या उतारावर एक नर दिसला. चारशे यार्ड तरी असेल. चंद्रशेखरने गोळी झाडली. जनावर थरथरलं, पण पडलं नाही. मान खाली घालून, कोणी हाक मारल्यासारखं झाडीत चालत गेलं. दरी ओलांडून हे दोघे तिथे पोचेपर्यंत बर्फ भुरभुरायला लागलं होतं. रक्ताच्या मागावर ते चालत राहिले. अंधार पडता पडता पुढच्या गचपणातून श्वास ऐकू आला. ओला, फाटका, मध्येच अडकणारा. मग माग बर्फाखाली गेला, उजेड संपला आणि दोघे परत फिरले.

तो श्वास चंद्रशेखरबरोबर घरी आला.

आधी तो भट्टीत ऐकू यायचा. मिशिगनच्या थंडीत घर ऊबदार ठेवणारी तळघरातली भट्टी दिवसातून कितीदा तरी धडधडत सुरू होते. प्रत्येक वेळी चंद्रशेखर मान वर करायचा. मग तो श्वास गाडीत आला. मग जिथे यायला नको तिथे आला. चंद्रशेखर ॲन आर्बरच्या एका हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर. ऑपरेशन चालू असताना माणसाच्या श्वासावर कान ठेवून बसायचं, हे त्याचं काम. मे महिन्यात त्याने एक ऑपरेशन मध्येच थांबवायला लावलं. पेशंटच्या फुप्फुसात रक्त आहे, मला स्पष्ट ऐकू येतंय, असं तो म्हणाला. तपासलं तर काही नव्हतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. वरिष्ठांनी त्याला खोलीत बोलावून, दार लावून, फार सभ्यपणे काही दिवस सुट्टी घ्यायला सांगितलं. तेव्हापासून तो घरीच होता.

"एक," तो म्हणायचा. "फक्त एक नीट पडू दे. उभ्या जागी, एका गोळीत. मग हे थांबेल. थांबायलाच हवं. नाहीतर कोणाच्या जिवावर मी परत त्या टेबलाशी बसू?"

प्रतिमाने तिच्या परीने सगळं केलं होतं. सोमवार धरले, त्याच्या कपाळाला अंगारा लावला, तळघराच्या जिन्यात सांजवात ठेवली. तिचा रोजचा नेम साधाच होता. आंघोळ, पूजा, एक माळ जप; चातुर्मासात एकभुक्त आणि जेवताना मौन. त्यातलं तिने काहीही कोणावर कधी लादलं नव्हतं. पण नवरा दूरच्या प्रवासाला निघाला की त्याच्या खिशात ती एक छोटी माळ घालायची. "संध्याकाळी एक माळ, एवढंच करा हं." तोही न हसता करायचा.

तो श्वास तिला कधी ऐकू आला नाही. नवरा मान वर करायचा तेव्हा तीही करायची, आणि घर नुसतं घर असायचं. आपल्याला ऐकू येत नाही, याचंच तिला भय वाटायचं. एकाच छपराखाली राहून माणूस इतका एकटा पडतो म्हणजे काय!

हेमचंद्र गाडी घेऊन आला. तो नागपूरचा, मोटारीच्या कंपनीत इंजिनिअर, आवाज मैदानात उभं राहून बोलल्यासारखा.

"वहिनी, तुम्ही येताय? बंदुकीच्या दुकानात? मग अर्धं डिस्काउंट झालंच समजा."

"तुमचा शनिवार असतो ना हेमचंद्रभाऊजी? चहा ठेवू का नुसता?"

"माझा शनिवार नागपूरलाच राहिला यार. वजन जास्त भरलं, विमानात घेतला नाही त्यांनी."

चंद्रशेखरही हसला. तो हसला की प्रतिमाला पूर्वीचा चंद्रशेखर क्षणभर दिसायचा, आणि मग जास्तच उदास वाटायचं.

दुकान गावाबाहेर मक्याच्या शेताला लागून होतं. आत शिवणयंत्राच्या तेलासारखा वास. भिंतींवर शिंगवाल्या जनावरांची मुंडकी लावलेली, त्यांचे डोळे काचेचे. प्रतिमा पदर सावरून त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. अर्ल नावाचा जाडजूड दुकानदार तिला 'मॅम' म्हणाला आणि त्याने तिच्यासाठी खुर्ची पुसली. मग काउंटरवर हिरवं कापड पसरून त्याने तीन रायफली मांडल्या आणि प्रत्येकीपुढे तिचं काडतूस उभं करून ठेवलं. नैवेद्याच्या ताटापुढे पाण्याचा पेला ठेवावा तसं.

"थर्टी-ऑट-सिक्स, थ्री-हंड्रेड मॅग्नम, थ्री-थर्टी-एट मॅग्नम," हेमचंद्र तिला बोटाने दाखवत म्हणाला. "तिन्ही बोल्टच्या. एक गोळी झाडली की हा दांडा वर, मागे, पुढे, खाली. दुसरी तयार. लांबून मारायचं तर याच्यासारखं काही नाही. हलतं-डुलतं काही नसतं, म्हणून गोळी जाते सरळ."

"यांच्यात फरक काय?"

"जोराचा. ही शेवटची आहे ना, चारशे यार्डांवरसुद्धा एल्कला बसवते. पण वहिनी, जितका जोर पुढे तितकाच मागे. खांदा निखळेल अशी लाथ मारते. आणि लाथेला भ्यायलेला माणूस ट्रिगर ओढायच्या आधीच दचकतो. तो दचकला की गोळी भलतीकडे."

थ्री-थर्टी-एटचं काडतूस प्रतिमाच्या मधल्या बोटाहून लांब होतं. चंद्रशेखरने ते उचललं, तळहातावर तोललं. त्याचा चेहरा औषध हातात आल्यावर पेशंटचा होतो तसा झाला.

"हीच," तो म्हणाला.

"आधी मारून तर बघ," हेमचंद्र म्हणाला.

दुकानामागे सराव करायची जागा होती. लाकडी बाक, वाळूच्या पिशव्या, आणि दूर मातीच्या बांधाला लावलेले कागद. कानांवर सगळ्यांनी आवाज अडवणाऱ्या जाड कानटोप्या चढवल्या. पहिल्या आवाजाला मक्यातले पक्षी उडाले. दुसरा. तिसरा. अर्लने दुर्बिणीतून बघून मान हलवली. एक गोळी कागदाच्या डाव्या कोपऱ्यात, एक खाली, एक कागदावरच नाही.

"नवी आहे. सवय होईल," चंद्रशेखर खांदा चोळत म्हणाला.

"सवय होईल का दचकण्याची?" हेमचंद्राने अर्लकडून दुसरं एक काडतूस मागून घेतलं. दिसायला तसंच, पण आत दारू नसलेलं. बाजूला बारीक भोक पाडलेलं. "हे डमी. शेखर, तू तिकडे बघ. आम्ही भरून देणार. खरं भरलंय की खोटं, तुला सांगणार नाही. तू नुसता मार. वहिनी, भरा तुम्ही."

"अगं बाई, मी?"

"माझ्या तोंडाकडे बघून त्याला लगेच कळतं. तुमच्या तोंडावरून कोणाला काय कळलंय आजवर?"

अर्लने दाखवलं तसं तिने बोल्ट मागे ओढला. थंडगार, तुपासारखा सरकणारा. तिने दोन्ही काडतुसांकडे पाहिलं आणि भोक पडलेलं आत ठेवलं. कशाला, ते तिला सांगता आलं नसतं. मग ती बाजूला, त्याचा चेहरा दिसेल अशी उभी राहिली.

चंद्रशेखरने दस्ता खांद्याशी घेतला. गाल टेकला. नळी स्थिर झाली. बोट वळलं.

टक्, एवढाच आवाज झाला. पण नळीने कोणी खालून ओढल्यासारखी मान टाकली, आणि प्रतिमाने पाहिलं, त्याने डोळे घट्ट मिटले होते. ठो होण्याची वाट न बघताच मिटले होते. लहान मूल अंगावर पाणी पडायच्या आधी मिटतं तसे.

"बघ! बघ कसा दचकलास!" हेमचंद्र टाळी वाजवून म्हणाला. "लाथेला भितोयस लेका. सोड ही. थर्टी-ऑट-सिक्स घे, चुपचाप."

हलकी रायफल आणली. पुन्हा प्रतिमाने भरली, पुन्हा खोटं. टक्. पुन्हा डोळे मिटले, पुन्हा नळी खाली. मग अर्लने लहान मुलांना शिकवायची बंदूक आणली. तिला लाथ म्हणून नसतेच. हेमचंद्र हसत होता. टक् झालं, चंद्रशेखरचे डोळे मिटले, आणि हेमचंद्राचं हसणं थांबलं.

"अहो," प्रतिमा हळूच म्हणाली, "डोळे मिटता तुम्ही."

"नाही."

"मिटता. तिन्ही वेळा."

 चंद्रशेखर कानटोपी काढून म्हणाला, "बोट वळतं ना, तेव्हा तो मान खाली घालतो आणि चालायला लागतो. मी कागदावर नेम धरलेला असतो. कागदच चालायला लागतो."

 अर्लला भाषा कळत नव्हती. पण तो काडतुसांचा डबा घेऊन आत निघून गेला.

"मग या वर्षी जायचंच नाही," हेमचंद्र म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. "असा मारशील तर आणखी एक जखमी करशील. मग दोन ऐकू येतील तुला."

"म्हणून तर मोठी हवी! कुठेही लागली तरी पडेल अशी. थ्री-थर्टी-एटच घेतो मी. हेमू, तुझं ऐकून मागच्या वेळी हलकी नेली."

"माझं ऐकून? आणि त्या रात्री मी म्हणत होतो, चल, सकाळी पुन्हा शोधू, एक दिवस राहू, तेव्हा कोणाचं ऐकलंस?"

"प्रतिमाचं."

प्रतिमाने मान वर केली. "माझं?"

"तूच म्हणालीस ना, सोडून द्या म्हणून."

"मी? कधी हो?"

"फोनवर. मोटेलच्या बाहेरून केला होता. सकाळी."

फोन तिला आठवत होता. खरखर फार होती, आणि मागे हेमचंद्र कोणाला तरी मोठ्याने काही सांगत होता. चंद्रशेखर म्हणाला होता, नेम चुकला गं माझा काल संध्याकाळी. मन लागत नाहीये. आणि तिने डोळ्यांपुढे ती खिशातली माळ आणून, अगदी मायेने म्हटलं होतं, चुकतो एखादे वेळी. प्रवासात कोणाचा चुकत नाही? त्याने विचारलं होतं, मग सोडून देऊ? आणि ती म्हणाली होती, हो, सोडून द्या. देव सांभाळून घेतो. या तुम्ही घरी.

प्रतिमा वाळूच्या पिशवीवर बसली. पातळाला माती लागली तरी उठली नाही.

"अहो, मला वाटलं माळ. जपाचा नेम चुकला म्हणताय."

चंद्रशेखर तिच्याकडे बघत राहिला. 

"माळ तर मी केली होती," तो म्हणाला. "त्या दिवशी दोनदा केली. हातांना रक्त नव्हतं तरी धुऊन केली."

मक्यातून वारा जात होता. हेमचंद्राने जमिनीवर पडलेली रिकामी काडतुसं उगाच एकेक वेचली.

"वर्षभर मी मनाशी म्हणत होतो," चंद्रशेखर म्हणाला, "की हिने, जी मुंगीला बाजूला करून सडा घालते, तिने सोडून द्या म्हटलं, म्हणजे ते सोडण्यासारखंच असणार. तेवढ्या एका गोष्टीवर मी उभा होतो."

प्रतिमाने विचारलं, "भाऊजी, ती जागा सापडेल तुम्हाला?"

"वहिनी, वर्ष होत आलं. कोल्हे, अस्वलं... काय असणार तिथे?"

"असेल नसेल. शोधायचं राहिलंय ते शोधून येऊ. बंदूक घ्यायची का, कुठली घ्यायची, ते मग. मी अडवणार नाही."

अर्लने थ्री-थर्टी-एट पुसून पुन्हा भिंतीवर लावली. "कधीही या, मॅम," तो म्हणाला. का कोण जाणे, तिलाच म्हणाला.

सप्टेंबरात, शिकार सुरू व्हायच्या आधी, ते तिघे वायोमिंगला गेले. प्रतिमा चातुर्मासात घराबाहेरचं पाणी कधी प्यायली नव्हती. या वेळी तिने कसलाही विचार केला नाही. पातळावर स्वेटर, पायात टेनिसचे बूट, हातात हेमचंद्राने तोडून दिलेली काठी. वर ॲस्पनची झाडं पिवळीजर्द झाली होती, वारा नसतानाही त्यांची पानं थरथरत होती. दरी उतरून पलीकडे चढले आणि पाइनच्या झाडीत शिरले, तसा उजेड एकदम कमी झाला. पायांखाली पाइनच्या सुईसारख्या वाळक्या पानांचा गालिचा. पाऊल वाजत नव्हतं.

"येतोय आवाज," चंद्रशेखर म्हणाला. "इथे जास्त येतोय."

हेमचंद्र पुढे होता. वीज पडून उभं फाटलेल्या एका खोडाशी तो थांबला. "इथून परतलो आपण. हे खोड मला आठवतंय. इथेच तू म्हणालास, ऐक."

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. प्रतिमा तिथेच उभी राहिली; तिला कसला माग कळणार? ती नुसती समोर बघत होती, म्हणून तिला ते दिसलं. एक आडवं पडलेलं झाड, आणि त्याच्यामागून वर आलेली एक फांदी, जी झाडाची वाटत नव्हती.

तो नर आडव्या झाडापलीकडच्या खळग्यात होता. फाटलेल्या खोडापासून हाक ऐकू जाईल इतक्यावर. कवटी, उंदरांनी कुरतडलेली शिंगं, गवतात विखुरलेल्या बरगड्या, केसांचा एक पिंगट पट्टा. गवत आजूबाजूच्यापेक्षा तिथे दाट आलं होतं.

चंद्रशेखर गुडघ्यांवर बसला. त्याचे हात बदलले. प्रतिमाने ते इतके महिने पाहिले नव्हते, हॉस्पिटलातले हात. एकेक बरगडी उचलून तो क्रमाने मांडू लागला. एका बरगडीच्या कडेला अर्धगोल खाच होती. समोरच्या बाजूच्या दुसरीचा तुकडाच गेला होता. दोन्ही समोरासमोर धरून तो मधल्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला.

"दोन्ही फुप्फुसं," तो म्हणाला. "आरपार."

"म्हणजे?" हेमचंद्राने विचारलं.

"म्हणजे नेम नव्हता चुकला." त्याचा आवाज कोरडा होता. "झाडीत शिरला आणि इथे येऊन पडला. एक मिनिट. फार तर दोन. आपण अजून दरीच्या तळाशीही पोचलो नसू, तेव्हाच संपलं होतं."

"पण संध्याकाळी आपण..." हेमचंद्र बोलता बोलता थांबला. मग टोपी काढून डोकं खाजवत म्हणाला, "शेखर, खरं सांगू? मला काही ऐकू नव्हतं आलं यार. तू म्हणालास ऐक, तुझा चेहरा असा झाला होता, म्हणून मी हो म्हटलं."

चंद्रशेखरने बरगड्या खाली ठेवल्या. हळुवार, झोपलेल्याच्या अंगावरून हात काढून घ्यावा तशा.

"मग मी वर्षभर कोणाचं ऐकत होतो?"

झाडीत काही हललं नाही. त्याने मान तिरकी केली. भट्टी सुरू झाल्यावर करायचा तशी. प्रतिमाने श्वास रोखून धरला. एकेका स्नायूने त्याचा चेहरा सुटत गेला. कपाळ, मग जबडा, मग खांदे.

"गेलं," तो म्हणाला. "प्रतिमा, गेलं गं. काही नाहीये." आणि तो त्या दाट गवतात बसून हुंदके देऊन रडला. हेमचंद्र पाठ फिरवून उभा राहिला आणि उगाच म्हणाला, "च्यायला, थंडी पडली."

प्रतिमा नवऱ्याशेजारी बसली. तिने डोळे मिटून हात जोडले. त्या जिवासाठी काय म्हणावं हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून रोजचंच म्हटलं, मनात. निम्म्यावर आली असेल, आणि तिला वाटलं हेमचंद्राला धाप लागलीय. तिने डोळे उघडले. हेमचंद्र लांब, फाटक्या खोडाशी जाऊन उभा होता. चंद्रशेखर आता शांत होता.

ओला, फाटका. मध्येच अडकणारा. आडव्या झाडाच्या अलीकडून, अगदी जवळून.

"चला," ती म्हणाली. तिने हात देऊन त्याला उठवलं. त्याच्या गुडघ्यांवरच्या सुया झटकल्या.

"सोमवारी हॉस्पिटलात फोन करतो," तो म्हणाला. चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. दोन पावलं जाऊन तो थांबला. "तुला तर कधीच ऐकू आलं नाही ना गं? आता तरी? काही?"

"नाही हो. काही नाही."

वाट अरुंद होती. चालताना प्रतिमाने त्याला डाव्या हाताला घेतलं. आवाज उजवीकडून येत होता.